वाक्प्रचार वाक्यांतच शिकावा

एका चाचणींत आम्हीं 'कापूस महाग होणें' हा वाक्प्रचार वाक्यांत योजावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्यानें लिहिलें, "यंदा कापूस महाग झाला आणि वडिलांनीं सावकाराचें कर्ज फेडलें." वाक्प्रचाराचा अर्थ कृश होणें असा असल्यामुळें आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली.

मागाहून विचार केला. धरणगांवच्या पंचक्रोशींत कापसाचा भाव चढला म्हणजे घरांत नवें वस्त्र येतें. हे शब्द मुलाच्या कानीं ज्या अर्थानें पडत आले, त्याच अर्थानें त्यानें ते योजिले. आम्हीं मात्र फळ्यावर डावीकडे वाक्प्रचार व उजवीकडे अर्थ, एवढेंच लिहून दिलें होतें. वाक्य एकही दिलें नव्हतें.

बरें, अर्थ पाठ असला म्हणजे भागतें असेंही नाहीं. 'पाण्यांत पाहणें' म्हणजे द्वेष करणें. परंतु द्वेष करावयाचा तो 'त्याचा', आणि पाण्यांत पाहावयाचें तें 'त्याला'. अर्थाच्या जागीं वाक्प्रचार उचलून ठेवणारा विद्यार्थी "तो माझा पाण्यांत पाहतो" असें बेधडक लिहून जातो! विभक्ति कोणती लागते, हें यादींत दिसत नाहीं, वाक्यांतच दिसतें.

मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशांत शब्दांखालीं असे प्रयोग दिलेले आहेत. दाते व कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तर १९४२ पासून केवळ यासाठींच निघाला. वरच्या वर्गांतील मुलांनीं ते अवश्य चाळावे. पण कोश शंका फेडतो, संवय लावीत नाहीं.

कांहीं ठिकाणीं खानदेशच्या मुलास पुण्याच्या मुलाहून सोपें जातें. ज्याच्या घरावर मातीचें धाबें आहे, आणि वर कोणी धावलें कीं खालीं ताटांत माती कशी गळते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास "शिपाई दिसतांच चोरांचें धाबें दणाणलें" हें वाक्य समजावून सांगावें लागत नाहीं.

म्हणून पालकांस विनंती कीं, घरीं अहिराणींत जीं वळणें सहज तोंडीं येतात, तीं गांवढळ समजून मुलांपुढें गिळूं नयेत. कोणास, केव्हां व रागानें कीं थट्टेनें असें बोलतात, हें मुलांस विचारूं द्यावें.

त्या विद्यार्थ्याचा गुण आम्हीं वाढविला नाहीं. वाक्प्रचार तो नव्हताच. मात्र फळ्यावरील दोन रकान्यांची यादी तेव्हांपासून बंद केली.