एकच तार, अनेक पट्टे



२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार बेटांवर येऊन आदळल्या. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दूरध्वनी-संपर्क कोलमडला. त्या वेळी श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी असा हौशी रेडिओ-चालकांचा एक गट पोर्ट ब्लेअरला गेलेला होता. आपल्या संचांवरून त्यांनी बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. अशा हौशी रेडिओ-चालकांना जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात.

संदेश पाठवायला संच आणि बॅटरी हवी हे उघडच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. संचातील वीजप्रवाहाचे रेडिओ-तरंगांत रूपांतर करून ते अवकाशात सोडणारा आकाशक, म्हणजे अँटेना, हवा. बहुतेक वेळा हा आकाशक म्हणजे दोन खांबांमध्ये ताणलेली एक साधी तांब्याची तार असते. या साध्या तारेतच एक मोठी अडचण दडलेली आहे.

दिवसाची वाट, रात्रीची वाट

पृथ्वीभोवती खूप उंचावर विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. लघुतरंग या थरांवरून परत फिरतात आणि दूरच्या गावी उतरतात. परंतु आयनांबर सूर्यप्रकाशाने घडते, त्यामुळे ते दिवसा एक आणि रात्री वेगळेच असते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत, समजा पुण्याहून नागपूरपर्यंत, बोलता येते. रात्री खालचा शोषक थर विरून गेला की तेच तरंग हजारो किलोमीटर जातात. १४ मेगाहर्ट्झचे तरंग दिवसा दूर जातात, पण जवळच्या गावांना ओलांडून पुढे पडतात. म्हणजे संपर्क अखंड ठेवायचा तर एकाहून अधिक पट्टे वापरता आले पाहिजेत.

आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी ७ मेगाहर्ट्झसाठी तार बांधली होती. संध्याकाळी दूरदूरची केंद्रे छान बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी संच १४ मेगाहर्ट्झवर लावला, तर परतणारी शक्ती दाखवणाऱ्या मापकाचा काटा थेट टोकाला गेला! एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तार तीच, संच तोच, मग बिघडले काय?” बिघडले काहीच नव्हते. का, ते आता पाहू.

तार आणि सतार

मध्ये तोडलेली, दोन समान भुजांची तार आणि मधल्या तोडीला जोडलेला संच, या रचनेला द्विध्रुव किंवा डायपोल म्हणतात. १८८७-८८ च्या सुमारास हाइन्रिख हर्ट्झ यांनी रेडिओ-तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले, तेव्हाही त्यांनी अशाच रचनेचा उपयोग केला होता.

सतारीची तार छेडली की तिची दोन्ही टोके स्थिर राहतात आणि मध्य सर्वांत जास्त हलतो. टोकांना निस्पंद बिंदू आणि मध्याला प्रस्पंद बिंदू म्हणतात. आकाशकाच्या तारेतही असेच घडते. फक्त येथे तार हलत नाही, तर तिच्यातील वीजप्रवाह मागेपुढे हेलकावतो. टोकापुढे तार नाही, म्हणून तेथे प्रवाह शून्य. मध्यावर तो सर्वाधिक. तारेची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असली म्हणजे हे हेलकावे जोरात होतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

गणित सोपे आहे. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३०० भागिले ७.१, म्हणजे सुमारे ४२.२५ मीटर. तिची निम्मी २१.१ मीटर. टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात तार सुमारे ५ टक्के आखूड घ्यावी लागते, म्हणून सुमारे २०.१ मीटर. प्रत्येक भुजा १० मीटरहून किंचित अधिक झाली.

मध्यावर प्रवाह भरपूर आणि विद्युतदाब कमी, म्हणून तेथे संचाला दिसणारा विरोध, म्हणजे संरोध, कमी असतो. मोकळ्या अवकाशातील तारेसाठी तो सुमारे ७३ ओहम येतो. संचापासून तारेपर्यंत ७५ ओहमची केबल वापरली तर जवळजवळ सगळी शक्ती तारेत जाते.

आता कंप्रता दुप्पट करा. तीच तार १४.२ मेगाहर्ट्झला एक पूर्ण तरंगलांबी भरते. वहीत आकृती काढून पाहा: प्रत्येक भुजेत एकेक अर्धतरंग बसतो आणि बरोबर मध्यावर प्रवाह अगदी थोडा राहतो. तेथे संरोध हजारो ओहमपर्यंत चढतो. तो ३,००० ओहम आहे असे समजू. अशा वेळी ७५ ओहमच्या केबलमधून पाठवलेल्या १०० वॅटपैकी सुमारे ९० वॅट तारेपाशी परतून माघारी येतात. गच्चीवरचा काटा टोकाला गेला तो यामुळे.

सतार शिकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर जिचा निस्पंद बिंदू मध्यावर येतो ती दुप्पट कंप्रता उमटत नाही. जेथे निस्पंद, तेथून छेडून उपयोग नाही. बहुपट्टी आकाशकाचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे. ज्या पट्ट्यावर बोलायचे, त्या पट्ट्यावर संचाच्या जोडणीपाशी प्रवाह भरपूर असला पाहिजे. हे साधण्याच्या काही युक्त्या आता पाहू.

चार युक्त्या

पहिली युक्ती निसर्गानेच दिली आहे. कंप्रता तिप्पट केली तर तारेवर तीन अर्धतरंग बसतात आणि मध्यावर पुन्हा प्रस्पंद येतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झची तार २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या आसपासही चालते. मात्र एक बारकावा आहे. टोकांमुळे होणारी घट तारेच्या दोन टोकांपुरतीच असते, मधल्या अर्धतरंगाला ती लागू नाही. त्यामुळे ७.१ साठी कापलेली तार २१.३ ऐवजी २२ मेगाहर्ट्झच्या जवळपास अनुस्पंदित होते. तार थोडी लांब ठेवून दोन्ही पट्ट्यांत तडजोड करावी लागते.

दुसरी युक्ती म्हणजे छेडण्याची जागा बदलणे. संच मध्यावर न जोडता एका टोकापासून एक तृतीयांश अंतरावर जोडा. आकृतीवरून दिसेल की तेथे मूळ, दुप्पट आणि चौपट या तिन्ही कंप्रतांना प्रवाह सारख्याच प्रमाणात असतो. त्यामुळे ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झला संरोध फारसा वेगळा नसतो. तो मध्यावरच्यापेक्षा जास्त असल्याने मध्ये एक छोटा रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जोडतात. पण गंमत पाहा: तिप्पट कंप्रतेचा निस्पंद बरोबर याच जागी पडतो, म्हणून २१ मेगाहर्ट्झ हातचा जातो.

तिसरी युक्ती सर्वांत सोपी. एकाच जोडणीला दोन तारांच्या जोड्या बांधायच्या: एक ७ साठी २० मीटरची, दुसरी १४ साठी १० मीटरची. पंख्याच्या काड्यांसारखी त्यांची टोके एकमेकींपासून दूर ताणायची. १४ मेगाहर्ट्झला आखूड जोडीचा संरोध ७३ ओहम आणि लांब जोडीचा ३,००० ओहम धरा. समांतर जोडणीचे सूत्र वापरा, उत्तर सुमारे ७१ ओहम येते. म्हणजे लांब जोडी असून नसल्यासारखी! प्रवाह सोप्या वाटेने जातो, कोणतेही बटण फिरवावे लागत नाही.

चौथी युक्ती आहे सापळ्याची. हॅम मंडळी त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ५ मीटरवर तार तोडून तेथे एक वेटोळे आणि एक धारित्र समांतर जोडतात. वेटोळे २.५५ मायक्रोहेन्रीचे आणि धारित्र ५० पिकोफॅरडचे घेतले तर त्यांचे अनुस्पंदन १४.१ मेगाहर्ट्झला होते. समांतर जोडणीचा संरोध अनुस्पंदनाच्या वेळी फार मोठा असतो. म्हणून १४ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला हे फाटक बंद असते आणि त्याच्यापुरती तार तेथेच संपते. ७ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला मात्र फाटक उघडे असते आणि तो बाहेरच्या तुकड्यापर्यंत जातो. या कंप्रतेला सापळा वेटोळ्यासारखा वागतो, त्यामुळे एकूण तार २० मीटरपेक्षा आखूड असली तरी चालते. लहान गच्चीवर ही मोठीच सोय. अर्थात किंमत द्यावी लागते: वेटोळ्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते आणि सापळे पावसापासून जपावे लागतात.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत स्वरमापी, म्हणजे सोनोमीटर, असेल. त्याची तार २५६ हर्ट्झच्या नादकाट्याशी जुळवा. तारेच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंच्या पाव अंतरांवर कागदाचे छोटे घोडे ठेवा. आता ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून त्याची दांडी पेटीवर टेकवा. पाव अंतरांवरचे घोडे उडतील, मधला मात्र स्वस्थ बसून राहील. आमची गच्चीवरची तार १४ मेगाहर्ट्झला मध्यावर का रुसली, हे तो घोडा सांगेल.

पुढे खरी तार बांधायची झाली तर तीन गोष्टी विसरू नका. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. विजेच्या तारांजवळ किंवा त्यांच्यावरून आकाशकाची तार कधीही नेऊ नका, आणि ढग गडगडू लागण्याआधीच संच तारेपासून सोडवून ठेवा. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांशी विद्युतदाब फार मोठा असतो, म्हणून टोके हात पोहोचणार नाहीत इतकी उंच बांधा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. संच टोकापासून एक चतुर्थांश अंतरावर जोडला, तर मूळ, दुप्पट, तिप्पट आणि चौपट यांपैकी कोणती कंप्रता रुसेल? वहीत चार आकृत्या काढा. उत्तर त्यांतच मिळेल.