काउबॉय होल्स्टर : चामड्याच्या कारागिरांसाठी एक वेगळा नमुना

चामड्याच्या धंद्यात आपल्यातले पुष्कळ लोक आहेत, पण बहुतेकांचे काम पाकीट, पट्टा आणि बॅग यांच्यापाशी थांबते. या वस्तूंत स्पर्धा इतकी की कारागिराच्या हातात मजुरीपलीकडे काही उरत नाही. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या वस्तूची माहिती देत आहोत. ती म्हणजे कमरेला लटकवायचे रिव्हॉल्व्हरचे चामडी म्यान, अर्थात वेस्टर्न होल्स्टर.

याचे गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेत आहे. तेथे जुन्या काळचा पेहराव करून नेमबाजीचे सामने भरतात. ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ ही त्यातली मोठी संघटना 1987 साली स्थापन झाली. स्पर्धकाजवळ दोन रिव्हॉल्व्हर असतात, त्यामुळे होल्स्टरही डावे-उजवे असे जोडीने लागते. या मंडळींना वस्तू जुन्या घाटाची हवी असते आणि हाताच्या शिलाईची त्यांना पारख असते.

घाट कोणता, हे आधी ठरवावे. सिनेमात मांडीपर्यंत लोंबणारे आणि पायाला बांधलेले होल्स्टर दिसते. ते विसाव्या शतकातले, हॉलिवूडने लोकप्रिय केलेले. 1870 नंतरच्या खऱ्या गुराख्यांकडे बहुधा ‘मेक्सिकन लूप’ असे. चामड्याच्या एकाच तुकड्यातून पुढचा खिसा आणि मागची रुंद पाठ कापतात. पाठ मागे दुमडली की घडीत कमरपट्टा बसतो, आणि पाठीतच कापलेल्या आडव्या फटींतून खिसा ओवला जातो. खिशाला शिवण एकच, म्हणून नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी.

चामडे मात्र क्रोमचे चालणार नाही. बॅगेचे मऊ क्रोम चामडे ओले करून दाबले तरी आकार धरत नाही. होल्स्टरचे तोंड मिटले, तर पिस्तूल परत आत घालताना दुसरा हात लावावा लागतो आणि तो हात नळीपुढे येतो. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे चामडे घ्यावे. कोल्हापुरी चपलेचे काम केलेल्या कारागिराला हे चामडे नवे नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा चामडे म्हशीचे घ्यावे आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. माल वाहतुकीत असताना कोणी अडवले तर हाच कागद कामी येतो.

बाजारातल्या पुष्कळ होल्स्टरना आतून डुकराच्या कातड्याचे अस्तर असते. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत हे कातडे कमावल्यानेही पाक होत नाही. ऑर्डर घेतानाच अस्तर बकरीचे किंवा वासराचे देऊ, असे लिहून कळवावे.

मापासाठी खरे पिस्तूल लागत नाही. परवान्याशिवाय ते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि नकली शस्त्र परदेशातून मागवले तर कस्टममध्ये अडकू शकते. गिऱ्हाइकाकडून मापे मागवून लाकडी ठोकळा घडवावा. बहुतेक मागणी 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या घाटाची असते. त्याची नळी पावणेपाच, साडेपाच किंवा साडेसात इंच असते, तेव्हा लांबी विचारल्याशिवाय चामड्याला रापी लावू नये. नळीच्या उजव्या अंगाला रिकामी काडतुसे ढकलायची दांडी असते. तीही ठोकळ्यावर हवी.

आमची पहिली चूक मापातच झाली. ठोकळा कागदावर ठेवून रेघ ओढली आणि त्या रेघेलगत शिवण घेतली. काडतुसांचे चक्र आत शिरेना, आणि चांगल्या चामड्याचा तुकडा फुकट गेला. वस्तूला जाडी असते, एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. आता आमचा हिशेब असा : त्या ठिकाणच्या जाडीचा निम्मा भाग, अधिक चामड्याची जाडी, इतके अंतर रेघेबाहेर सोडायचे. चक्राचा व्यास सुमारे 42 मिलिमीटर असतो, म्हणून तेथे साधारण 25 सुटतात. नळीकडे शिवण आत वळते. तरीही पहिला नमुना त्याच जाडीच्या हलक्या चामड्यात करून पाहावा.

फटी कापणे, नक्षी ठोकणे, रंग देणे ही कामे तुकडा सपाट असतानाच उरकावीत. मग दोन कडांमध्ये चामड्याची पट्टी चिकटवून तीन थर एकत्र शिवावेत. ही पट्टी वगळली की शिवणीवर सगळा ताण येतो. इंचाला पाच-सहा टाके पुरेत. आरीने भोके सरळ पाडून, मेण लावलेल्या एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून शिवावे. असा एक टाका तुटला तरी दुसरा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनची शिवण तुटली तर उसवत जाते. दोरा शिवणीच्या सात-आठपट घ्यावा. पाकिटाच्या अंदाजाने घेतला तर मध्येच संपतो.

नंतर होल्स्टर कोमट पाण्यात बुडवून लगेच काढावे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ठोकळा आत घालावा आणि बोटांनी चक्राचा उठाव दाबून आणावा. वाळवणे सावलीत. घाई करून उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर चामडे कडक होऊन तडकते. पूर्ण सुकल्यावर हलके तेल द्यावे, फार दिले तर पुन्हा मऊ पडते. कडा ओल्या करून गुळगुळीत लाकडाने चकाकी येईपर्यंत घासाव्यात.

शेवटची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. जुन्या घाटाच्या कोल्टमध्ये घोड्याखाली काडतूस असताना ते घोड्यावर आपटले तर गोळी सुटू शकते. म्हणूनच जाणकार सहापैकी पाचच घरे भरतात. होल्स्टरने शस्त्र पाडता कामा नये. खरे पिस्तूल किलोभर वजनाचे असते, तेव्हा ठोकळ्यात शिसे भरून तेवढे वजन करावे. होल्स्टर उलटे धरून हलवावे. ठोकळा पडला तर माल पाठवू नये, आणि ओढताना पट्ट्यासकट वर आला तरीही नाही. घोड्यावर अडकवायची चामडी दोरी या परीक्षेनंतर लावावी, कारण ती सैल मापावरचा इलाज नव्हे.

प्रत्येक नगासोबत एक चिठ्ठीही घालावी : शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवून महिनोन्‌महिने कपाटात टाकू नये, चामड्यातल्या ओलाव्याने लोखंडाला गंज धरतो. ही चिठ्ठी आम्ही पहिल्या खेपेला घातली नव्हती, आणि गंजाची तक्रार आमच्याच नावावर आली.