मोठी चाके आणि जुनी मोटार

मारुती ८०० ही छोटी मोटार तुम्ही पाहिली असेल. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरीही गावोगावी ती अजून धावताना दिसते. काही हौशी तरुण अशी जुनी गाडी स्वस्तात घेतात, तिला नवा रंग देतात आणि मूळची १२ इंची लोखंडी चाके काढून १४ इंची चकचकीत अलॉय चाके बसवतात. गाडी उठून दिसते, यात शंका नाही. परंतु तिचे इंजिन, गिअर आणि ब्रेक जुनेच राहतात. बदलते ती फक्त चाकाची त्रिज्या. या एका बदलाने काय काय घडते, ते शाळेतल्या गणिताने ताडून पाहू.

टायरवरचे आकडे

मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ७०. शेवटचा १२ हा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो. आता पूर्ण व्यास काढू.

भिंतीची उंची = १४५ × ०.७० = १०१.५ मिमी
रिमचा व्यास = १२ × २५.४ = ३०४.८ मिमी
एकूण व्यास = ३०४.८ + (२ × १०१.५) = ५०७.८ मिमी

समजा, त्याऐवजी १६५/६५ आर १४ हे टायर बसवले. याच रीतीने त्याचा व्यास ५७०.१ मिमी येतो. दोहोंचे गुणोत्तर सुमारे १.१२ आहे, म्हणजे नवे चाक १२ टक्क्यांनी मोठे झाले. हा १.१२ आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन:पुन्हा भेटणार आहे.

काट्याची फसगत

गाडीच्या वेगमापकाला रस्ता दिसत नाही. तो गिअरपेटीतून फिरणाऱ्या तारेशी जोडलेला असतो आणि चाकाचे फेरेच काय ते मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाईल, हे कारखान्याने मूळ चाकावरून ठरवलेले असते. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते, पण काट्याला त्याचा पत्ता नसतो. काटा ताशी ६० किमी दाखवतो तेव्हा खरा वेग ६० × १.१२ = ६७.२ किमी असतो.

अंतराच्या आकड्याचेही तसेच. गाडी ११२ किमी चालली तरी नोंद १०० चीच होते. नवी चाके बसवल्यावर ‘ॲव्हरेज घटले’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचा काही भाग पेट्रोलचा नसून या चुकीच्या मोजणीचा असतो.

इंजिनाचा जोर

इंजिन चाकाला पीळ देते. रस्त्याला मिळणारा रेटा म्हणजे हा पीळ भागिले त्रिज्या. त्रिज्या १.१२ पट झाली की त्याच गिअरमधला रेटा १ ÷ १.१२, म्हणजे सुमारे ८९ टक्के उरतो. ७९६ घन सेंटिमीटरचे छोटे इंजिन, आत चार माणसे आणि समोर खंडाळ्याचा घाट! पूर्वी जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये निघे, तेथे आता पहिला टाकावा लागणे अगदी शक्य आहे.

ब्रेकचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचा हिशेब हा आहे. ब्रेकही चाकाला पीळच देतो, पण उलट दिशेने. पायाचा दाब तेवढाच असेल तर रस्त्यावरचे रोधक बल १.१२ ने भागले जाते. शिवाय काट्याच्या भरवशावर चालवणाऱ्याचा खरा वेग १.१२ पट असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती १.१२ × १.१२ पट होते. थांबण्याचे अंतर म्हणजे गतिज ऊर्जा भागिले रोधक बल. म्हणून,

नवे अंतर = जुने अंतर × १.१२ × १.१२ × १.१२ = जुने अंतर × १.४०

त्रिज्या वाढली १२ टक्के, पण थांबण्याचे अंतर वाढले ४० टक्के! काट्यावरच्या त्याच वेगाला गाडी पूर्वी २० मीटरांत थांबत असेल, तर आता २८ मीटर लागतील. चालक ब्रेक अधिक जोराने दाबून काही अंतर वाचवू शकेल. पण समोर अचानक मूल आले, तर पायाला पूर्वीचीच सवय आठवते. ते आठ मीटर कोठून आणायचे?

वजन आणि बसवण

चाकाच्या कडेवरील वस्तुमान पुढेही जाते आणि फिरतेही. म्हणून गाडीचा वेग वाढवताना कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. आसनावर ठेवलेली पिशवी तशी वागत नाही. त्यातच रुंद चाक बाहेरच्या बाजूला सरकवून बसवले, तर बेअरिंगवर पडणाऱ्या भाराची तरफ लांबते. जुन्या गाडीची बेअरिंगे आधीच झिजलेली असतात. वळताना टायर मडगार्डला घासण्याचा धोकाही असतोच.

मग मोठे रिम वापरूच नये काय?

यावर एक तोड आहे. रिम मोठे करायचे, पण टायरची भिंत तेवढीच बुटकी करून एकूण व्यास कायम राखायचा. १४५/६० आर १३ या मापाचा व्यास ५०४.२ मिमी येतो. फरक एक टक्क्याहूनही कमी. वरचे सर्व हिशेब मग जवळजवळ मूळपदावर येतात. मात्र भिंत १०१.५ मिमीवरून ८७ मिमीवर आली. ही भिंत हवेची उशीच असते. ती जितकी पातळ, तितका खड्ड्याचा दणका रिमला आणि पाठीच्या कण्याला अधिक. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत फेरबदल करण्यावर निर्बंध घातले आहेत, हेही विसरू नये.

करून पाहा

१. सायकलच्या टायरवर खडूची खूण करा. सायकल हाताने ढकलत नेऊन चाकाच्या दहा फेऱ्यांत तोडलेले अंतर मोजा व त्यावरून व्यास काढा. नंतर मित्राला सायकलवर बसवून तेच मोजा. दोन उत्तरांत फरक पडला तर तो का?

२. घराजवळ उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या टायरवरचे आकडे टिपून घ्या आणि एक किलोमीटर अंतरात तिचे चाक किती फेरे घेईल ते काढा. (मारुती ८०० च्या मूळ चाकासाठी उत्तर सुमारे ६२७ येते.)

३. मूळ चाकापेक्षा ५ टक्के लहान चाक बसवले तर काट्यावरचा वेग, चढावरचा रेटा आणि थांबण्याचे अंतर यांचे काय होईल?