हायड्रॉलिक लिफ्टरची टकटक

प्रश्न : जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील (१९९७ पासून) व्ही-८ इंजिनात जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट बसवल्यावर टकटक सुरू झाली, तर लिफ्टर निकामी झाला असे समजावे काय?

उत्तर : तसा निष्कर्ष घाईचा ठरतो. कॅमची हालचाल पुशरॉडकडे पोहोचवणारा लिफ्टर आतल्या प्लंजरखाली तेल कोंडून व्हॉल्व्ह यंत्रणेतील फट भरून काढतो. म्हणून गार इंजिन सुरू करताना होऊन काही क्षणांत थांबणारा आवाज बहुधा तेल निथळल्याचा असतो, परंतु इंजिन तापल्यावरही तो टिकला तर ऑइलचा दाब मोजावा आणि फिल्टर कापून त्याच्या घड्यांत पोलादाचे कण चमकतात का, हे चुंबक फिरवून पाहावे. कण सापडल्यास इंजिन मुळीच चालवू नये, कारण लिफ्टरच्या तळाचा रोलर व कॅम एकमेकांना खरवडत असण्याची दाट शक्यता असते. लिफ्टरला सरळ धरणारे प्लॅस्टिकचे ट्रे झिजले की लिफ्टर स्वतःभोवती वळतो व रोलर आडवा घासतो. त्यामुळे जुने ट्रे पुन्हा वापरणे ही घातक काटकसर होय. नव्या कॅमचे मूळ वर्तुळ (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) बहुधा लहान असल्याने पुशरॉडची लांबी मोजूनच ठरवावी, म्हणजे प्रीलोड, अर्थात प्लंजर आत दाबला जाण्याचे अंतर, लिफ्टरच्या उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहते; शिवाय व्हॉल्व्हच्या स्प्रिंग त्या कॅमला साजेशा ताकदीच्या नसतील तर जास्त आरपीएमला रोलर कॅमवरून उचलला जाऊन आदळतो.