‘दाऊ’ आणि ‘यी’ : एकाला की अनेकांना?

सन १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरातील ‘दाऊ’ हे सर्वनाम आदरार्थी असून ते देवासाठीच राखून ठेवले आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. त्या भाषांतरात देवाला, दासाला, इतकेच नव्हे तर सैतानालाही याच सर्वनामाने संबोधिले आहे. येथे भेद आदराचा नसून वचनाचा आहे.

एकवचनात कर्त्यासाठी ‘दाऊ’, कर्मासाठी ‘दी’ व संबंध दाखविण्यासाठी ‘दाय’ ही रूपे येतात. पुढील शब्द स्वराने सुरू होत असल्यास बहुधा ‘दाइन’ येते. अनेकवचनात कर्त्यासाठी ‘यी’, कर्मासाठी ‘यू’ व संबंधासाठी ‘युअर’. पुढे इंग्रजीत ‘दाऊ’, ‘दी’ व ‘यी’ या तिन्हींची जागा एकट्या ‘यू’ने घेतली. त्यामुळे आधुनिक भाषांतर वाचताना वचन एकाला उद्देशून आहे की अनेकांना, हे केवळ सर्वनामावरून कळत नाही.

याचे महत्त्व दोन शास्त्रभागांवरून ध्यानी येईल. योहान ३:७ मध्ये प्रभू येशू एकट्या निकदेमाशी बोलत आहे, म्हणून प्रथम ‘दी’ येते. परंतु नव्या जन्माची आवश्यकता सांगताना ‘यी’ येते. रात्री आलेल्या त्या परूश्याद्वारे प्रभूने सर्वांनाच ही गोष्ट सांगितली.

लूक २२:३१-३२ मध्ये तर भेद अधिकच हृदयस्पर्शी आहे. सैतानाने ज्यांना चाळण्याची मागणी केली त्यांच्यासाठी ‘यू’ आहे, म्हणजे सर्व शिष्य. परंतु प्रभूने प्रार्थना केली ती शिमोनासाठी, म्हणून तेथे ‘दी’ आहे. मूळ ग्रीक भाषेतही हा भेद आहे आणि आपल्या मराठी शास्त्रात तो ‘तुम्ही’ व ‘तू’ यांनी राखला आहे. मात्र मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही येत असल्याने संदर्भ पाहणे अगत्याचे आहे.

परीक्षा सर्वांवर येणार होती. प्रार्थना एकाचे नाव घेऊन झाली. आणि त्या एकालाच पुढे आपल्या भावांना स्थिर करण्याची आज्ञा मिळाली. एकावर झालेली कृपा अनेकांसाठी असते. म्हणून इंग्रजी शास्त्रात ‘यू’ आढळेल तेथे शेजारी मराठी शास्त्रही उघडे ठेवावे, आणि हा शब्द कोणाला उद्देशून आहे, हे प्रार्थनापूर्वक पाहावे.