लष्करी डिस्पोजलची ‘वन टन’ : आधी ब्रेक, मग इंजिन

डोंगराळ भागात फिरताना एखाद्या गोठ्याच्या आडोशाला जुनी हिरव्या रंगाची लष्करी गाडी उभी दिसते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी कधीतरी डिस्पोजलमध्ये घेतलेली, चार-दोन हंगाम पळालेली आणि मग एखादा सुटा भाग मिळाला नाही म्हणून उभी राहिलेली. यांपैकी बऱ्याच गाड्या जबलपूरच्या वाहन कारखान्यात जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याखाली तयार झालेल्या ‘वन टन’ किंवा तिची धाकटी बहीण ‘जोंगा’ असतात. चारही चाकांना ओढ, जाड चासी, मजबूत पाटे आणि सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन. पावसाळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली जिथे रुतते तिथून चाऱ्याचे भारे व खताची पोती घेऊन ही गाडी निघते. त्यामुळे ती भंगारात देण्यापूर्वी घरी दुरुस्त होईल का, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. होते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

प्रस्तुत लेखकाने एकदा हा क्रम चुकवला होता. सात-आठ वर्षे उभी असलेली एक वन टन आम्ही दोन दिवसांत सुरू केली. इंजिनाचा आवाज ऐकून सर्वांना इतका आनंद झाला की लगेच विहिरीच्या उतारावरून एक फेरी मारायचे ठरले. मागे हौद्यात मालकांचा मुलगा उभा होता. जागेवर ब्रेकचे पेडल चांगले कडक लागत होते. उतारावर दुसऱ्यांदा दाबले तेव्हा ते सरळ फळीला टेकले. हँडब्रेक ओढला, पण त्याचा ड्रम तेलाने माखलेला होता. गाडी बांधावर चढून थांबली. मुलाच्या कोपराला खरचटले, एवढ्यावर निभावले. नंतर मागचे चाक उघडले तर व्हील सिलिंडरमधील रबर बोटांनी चुरत होते. हे आम्ही आधी पाहिले असते तर अर्ध्या तासाचे काम होते.

कागदपत्रे

गाडीवर एक रुपया खर्च करण्यापूर्वी नोंदणी पुस्तक काढून चासी व इंजिन नंबर पडताळावेत. चासीवरील नंबर गंजाखाली गेला असल्यास वायर ब्रशने घासून, वर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्यावा. लष्करी गाडीची प्रथम नोंदणी संबंधित अधिकाऱ्यांच्या नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्रावर होते. हा कागद नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सरकारी मालकीच्या १५ वर्षांपुढील वाहनांच्या नोंदणीबाबत १ एप्रिल २०२३ पासून नियम कडक झाले आहेत व अशी वाहने मोडीत काढण्याकडे कल आहे. म्हणून आज लिलावात बोली लावणाऱ्याने अटींमध्ये ‘भंगार’ हा शब्द आहे का ते आधी वाचावे आणि आपल्या परिवहन कार्यालयात विचारून मगच पैसे भरावेत.

ब्रेक

पहिले काम ब्रेकचे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्यावी, चाकांना पुढे-मागे दगड लावावेत आणि जॅकवर उचलल्यावर चासीखाली लाकडी ठोकळ्यांची घडवंची द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

चाके काढण्यापूर्वी डिस्क नीट पाहावी. काही लष्करी डिस्क दोन भागांच्या, नटबोल्टने जोडलेल्या असतात, तर काहींना लॉक रिंग असते. टायरमध्ये हवा असताना हे जोडाचे नट सैल केले तर डिस्क तोफेसारखी उडते आणि माणूस जागीच जातो. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी, मगच पाना लावावा. हवा भरतानाही समोर उभे राहू नये.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ फुंकू नये व हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसात बसते. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावी व फडके पुरून टाकावे. मग व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहावे. आत तपकिरी चिखल किंवा गंजाचे खड्डे दिसले तर नुसते रबर बदलून भागत नाही. सिलिंडर बदलावा किंवा त्यात पितळी बुश बसवून घ्यावा.

असे का होते हे समजून घेतले पाहिजे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. शिवाय लांब उतारावर ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय आत जातो आणि गाडी थांबत नाही. जुने ऑईल कितीही स्वच्छ दिसले तरी संपूर्ण काढून टाकावे. सिलिंडर धुण्यासाठी ब्रेक ऑईलच वापरावे. डिझेल, रॉकेल वा इंजिन ऑईलचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये; त्याने रबर फुगते. ऑईल कमी पडले म्हणून हायड्रॉलिकचे तेल ओतणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत.

रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदलावेत. ते आतून फुगले की दाबल्यावर तेल पुढे जाते पण परत येत नाही, आणि ते चाक धरून राहते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी.

या जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच वाट असते. एक पाईप फुटला की चारही चाके गेली. म्हणून सुधारणा करायचीच असेल तर पहिली ही करावी : पुढच्या व मागच्या चाकांना वेगळी वाट देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर माहीतगार मेकॅनिककडून बसवून घ्यावा. रेडिओ, नवा रंग, रुंद टायर यांना त्यानंतर पैसे घालावेत.

इंजिन

बरीच वर्षे उभे असलेले इंजिन गाडी ओढून सुरू करू नये. प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल व ऑईलचे मिश्रण सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि प्लग बाहेर ठेवूनच हँडलने सावकाश फिरवावे. फिरत नसेल तर जोर न लावता पुन्हा मुरवावे. मोकळे झाल्यावर जुने ऑईल काढून नवे भरावे.

टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो. टाकी उतरवून धुवावी. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण असते.

आजचे पेट्रोल या इंजिनाच्या काळातले नाही, हे विसरू नये. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या नरम सीटांचे रक्षण करत असे. आता जड ओझे ओढताना सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो व टॅपेटची फट कमी होत जाते. दर हंगामाला फिलर गेजने फट मोजावी. ती पुन्हा पुन्हा कमी भरत असेल तर हेड उतरवून कडक धातूच्या सीट रिंगा घालून घ्याव्यात. दुसरे म्हणजे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने खराब होतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. हंगाम संपला की टाकी भरून ठेवण्यापेक्षा रिकामी करावी.

वायरिंगबाबत एवढेच, की लष्करी गाड्या पुष्कळदा २४ व्होल्टच्या असतात. दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या दिसल्या तर बल्ब व रिले २४ व्होल्टचेच घ्यावेत. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढली तर ती बॅटरी उपाशी राहते व दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते.

डिझेल इंजिन बसवावे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. हिशेब करून पाहावा. वर्षाला १५०० किलोमीटर चाल, पेट्रोलवर लिटरला साडेचार व डिझेलवर नऊ किलोमीटर धरू. पेट्रोल सुमारे ३३३ लिटर, म्हणजे १०० रुपये दराने ३३ हजार रुपये. डिझेल १६७ लिटर, म्हणजे ९० रुपये दराने १५ हजार. वर्षाची बचत १८ हजार. इंजिन, जोडपट्टी, रेडिएटर व मजुरी मिळून दीड-दोन लाख गेले तर ते फिटायला आठ ते अकरा वर्षे लागतात. फक्त हंगामात चालणाऱ्या गाडीला हा खर्च परवडत नाही, असे आमचे मत आहे. रोज चालणाऱ्या गाडीचा विचार वेगळा.

बसवायचेच असेल तर परिवहन कार्यालयाची मंजुरी कामापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. आणि एक गोष्ट मेकॅनिकला स्पष्ट विचारावी. ब्रेकला बूस्टर असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंप न लावता इंजिन बदलले तर नवे इंजिन जोरात पळते आणि ब्रेक मात्र दोन्ही पायांनी दाबावा लागतो.

चारही चाकांची ओढ

ही जोड फक्त चिखल, वाळू व ओल्या चढावर लावावी. पुढच्या व मागच्या धुऱ्यांमध्ये वेगाचा फरक सामावणारी सोय या गाड्यांत नसल्याने डांबरी रस्त्यावर वळताना गिअर व शाफ्ट पिळले जातात आणि मग लिव्हर निघत नाही. तसे झाल्यास थोडे मागे घेऊन पिळा सोडवावा. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. पुढे जुने, मागे नवे, ही काटकसर इथे महागात पडते.

पहिली चाचणी

रिकाम्या गाडीने, सपाट रानात, चालत्या माणसाच्या वेगाने घ्यावी. हौद्यात कोणालाही बसू देऊ नये. आठ-दहा वेळा ब्रेक दाबून चाकांना हात लावून पाहावा. एखादेच तापले असेल तर ते धरत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहावे आणि मास्टर सिलिंडरमधील ऑईलची पातळी आदल्या दिवशीच्या खुणेशी ताडावी. पातळी उतरली असेल तर चाके पुन्हा उघडावीत. तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी चार पोती घालून हलका उतार करून पाहावा.