जनीची वाकळ आणि आपल्या घरची गोधडी

जनाबाईची ती कथा वाचकांनी कीर्तनात पुष्कळदा ऐकली असेल. देव रात्री जनीच्या खोपटात आले, दळू लागले, तिथेच निजले. पहाट झाली तेव्हा गडबडीने उठले आणि जनीची वाकळ अंगावर घेऊन राउळात गेले. स्वतःचा शेला आणि पदक मात्र तिच्याकडे विसरले. पुढे पदकाच्या चोरीचा आळ, सूळ आणि सुळाचे पाणी. कीर्तनकार बहुधा पदकावर आणि सुळावर रंगतो. आम्हीही इतकी वर्षे तसेच रंगत आलो. देवाने अंगावर घेतलेली ती वाकळ कशाची होती, कोणी शिवली, तिला किती दिवस लागले, हा विचार आमच्या मनात कधी आला नाही. तो आला एका चटक्यामुळे.

आमची दिंडी संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर चालते. मलकापूर, मोताळा करीत पालखी राजूर घाट चढते आणि बुलढाण्यास येते. घाटाखाली घामाच्या धारा, आणि वर दोन हजार फुटांवर आले की रात्री झोंबरा वारा, वर पावसाची भुरभुर. काही वर्षांमागे एका सद्गृहस्थाने मोठ्या मनाने दिंडीतल्या सर्वांस नवी ब्लँकेटे वाटली. रंगीत, हलकी, हाताला मऊ. त्या वर्षी बऱ्याच मायबहिणींनी घरच्या वाकळा घरीच ठेवल्या. एका मुक्कामी पहाटे चहासाठी चूल पेटवली, जळण ओलसर होते, ते फुटून ठिणग्या उडाल्या. एक ठिणगी चुलीजवळ बसलेल्या आमच्या गावच्या आजीच्या ब्लँकेटवर पडली. कापड जळण्याऐवजी वितळले आणि तो वितळलेला गोळा तिच्या मनगटाला चिकटून बसला. दुसरी ठिणगी शेजारणीच्या वाकळेवर पडली होती. तिने ती दोन बोटांच्या चिमटीत विझवली. नखाएवढे भोक पडले, संपले.

सुताला आग लागत नाही असे मात्र कोणी समजू नये. सूत पेटते, आणि आतल्या आत धुमसत राहिले तर निजलेल्याला कळतही नाही. फरक इतकाच की ते वितळून कातडीला चिकटत नाही.

वारीहून परतल्यावर आजीच्या हाताची विचारपूस करावी म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. मनगटाला फडके बांधलेले, आणि आजी ओट्यावर बसून कोणाची तरी वाकळ शिवत होती. आम्ही म्हटले, "आजी, हात तरी बरा होऊ द्या." ती म्हणाली, "हात होईन हो बरा महाराज, पन थंडीत लोकायनं आंगावर काय घ्यावं?" (वाकळेला ती 'वाकय' म्हणते. आमच्या वऱ्हाडीत 'ळ' असा सुटतो.) पुढल्या चैत्रात शेतीची कामे आटोपल्यावर आम्ही तिच्यापाशी रोज दुपारी जाऊन बसू लागलो. तिने जे शिकवले तेच येथे सांगावयाचे आहे.

आधी एक गोष्ट. आमचा मुलूख कापसाचा. खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबपासून खास रेल्वेफाटा घातला गेला तो १८७० साली. एवढा कापूस पिकूनही ज्यांनी पऱ्हाटी वेचली त्यांच्या घरी रुईची गादी क्वचितच. कापूस विकायचा, त्याचेच कापड होऊन दुकानातून परत यायचे, ते विरेपर्यंत नेसायचे, आणि मग ते वाकळेत जायचे. रुईची गादी-रजई पिंजाऱ्याकडून भरून घ्यावी लागते, तिचे गोळे होतात, ती पाण्यात घालता येत नाही. वाकळेत रुई नाही. कापडावर कापड, एवढाच तिचा कारभार. म्हणून ती धुता येते, आणि धुता येते म्हणून टिकते.

आजीने आठ दिवस सुई आमच्या हातीच दिली नाही. नुसती निवड. घरोघरचे गाठोडे सोडायचे आणि कापड ओळखायचे. पूर्वी हे अवघड नव्हते, लुगडे आणि धोतर दोन्ही सुती. आता गाठोड्यात पॉलिएस्टरच्या साड्या, ड्रेस, पँटी असे सगळे एकत्र असते. तिची परीक्षा सोपी आहे. कडेचा एक धागा ओढून अंगणात पेटवून पाहावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ राख राहिली तर सूत. धागा आक्रसून टोकाला काळा कडक मणी झाला तर ते सूत नव्हे. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची: सूत थेंब पिते, दुसऱ्यावर तो बराच वेळ तसाच थरथरत बसतो. अंगाचा घामही तसाच बसतो, म्हणून असल्या पांघरुणाखाली माणसाला चिकचिक होते. दोन्ही मिसळीचे कापडही असते, त्याची राखही मिसळीचीच. शंका आली की आजी ते बाजूला टाकते.

मग सुती कापड उजेडाकडे धरायचे. लुगडे सगळे सारखे विरत नाही. बसण्याच्या जागी आणि टाचेला घासते तिथे जाळी होते. काठ आणि पदर धड राहतात. धड ते वर आणि खाली, विरलेले ते पोटात. बटणे, हूक, चेन, इलॅस्टिक सारे काढायचे. जाड शिवणीसुद्धा कापून टाकायच्या, कारण त्या पाठीला रुततात आणि सुई मोडतात. मग सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचे, रंग जाणारे वेगळे धुवायचे, आणि कडक उन्हात वाळवायचे. एक नियम आजी पुन्हा पुन्हा बजावते: कोरे कापड जुन्याला जोडू नये. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून चुकलेले असते. मग नवे जुन्याला ओढते आणि फाडते. वर कोरे कापड घालायचेच असेल तर ते आधी दोनदा धुऊन आटवून घ्यावे.

आम्ही विचारले, "जुनेच मऊ का लागते?" आजी हसली. याचे उत्तर तिला देण्याची गरज वाटली नाही, पण वाचकांसाठी देतो. नव्या कापडाला खळ असते, ती धुऊन धुऊन निघून जाते. सुताचा पीळही वापराने सैल पडतो. बाळंतिणीच्या घरी दुपट्यासाठी आजीच्याच लुगड्याचा तुकडा शोधतात त्यात मायेचा भाग आहेच, पण तान्ह्याच्या कातडीला तेवढे मऊ कापड दुकानात मिळत नाही, हाही भाग आहे.

ऊब कापडाची नसून कापडामधल्या हवेची असते. दोन थरांमध्ये अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ थर बरे. मात्र हीच वाकळ भिजली की थरांत पाणी शिरते, ती दुणी-तिणी जड होते आणि आषाढात चार दिवस वाळत नाही. म्हणून वारीत खांद्यावर लोकरीची घोंगडी बरी, आणि वाकळ गाडीत, ताडपत्रीखाली. आमच्या दिंडीत यावरून वाद आहे. वाकळेचे गुण गाताना तिचा हा दोष झाकावा असे आम्हांस वाटत नाही.

आता अंथरणी. सारवलेल्या जमिनीवर खालचे कापड ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचे. त्यावर पोटातले तुकडे मांडायचे. इथे आजी गवंड्यासारखी वागते: भिंतीत जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसा खालच्या थराच्या फटीवर वरच्या थराची फट येऊ द्यायची नाही. चार-पाच थर झाले की वरचे कापड घालायचे, कडा आत दुमडायच्या, आणि हातभर लांबीचे कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी धरायचे. मग खरी शिवण. सुती दोरा दुहेरी, वावभर. त्याहून लांब घेतला की गुंता होतो. काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन अशा फेऱ्या घालीत मध्याकडे यायचे. दर फेरीला तळहाताने कापड सारखे करीत जायचे, नाहीतर मधोमध फुगा येतो. आमच्या पहिल्या वाकळेच्या पोटात असा फुगा आहे. आजी तिला 'महाराजायची ढेरी' म्हणते.

जुन्या कपड्याची ही विद्या आपल्याच मुलखाची नव्हे. संस्कृतात 'कंथा' म्हणजे चिंध्या जोडून केलेले जोग्याचे वस्त्र. नाथपंथीयांच्या अंगावर ती असे, आणि निवृत्तिनाथांकडून आपल्या संप्रदायाचे नाते त्या पंथाशी पोहोचते. बंगालात पांघरुणाला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानाकडे रल्ली, कर्नाटकात कौदी. बौद्ध भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडूनच करावयाचे, आणि ती जोडणी मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी असावी असा त्यांचा नियम. आमच्या वऱ्हाडात १८७६ साली शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज अंगावर चिंध्यांची गोधडी घालीत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. जनाबाई तर नामदेवांच्या घरी होती, आणि नामदेव शिंप्याच्या कुळातले. शिंप्याच्या घरी कातरणाला काय तोटा? जनीची वाकळ त्या कातरणांची असावी, हा आमचा आपला तर्क. त्याला पोथीचा आधार नाही.

शिवताना एके दिवशी आम्ही हिशेब मांडला. चार फूट रुंद, सहा फूट लांब वाकळ. फेरीत एक इंचाचे अंतर. सगळ्या फेऱ्या उलगडून एका ओळीत धरल्या तर २८८ फूट शिवण होते. इंचाला चारदा सुई आरपार जाते असे धरले तर जवळजवळ १४ हजार वेळा. घड्याळ लावून पाहिले तेव्हा आजीची शिवण तासाला १२ फूट झाली. म्हणजे नुसत्या शिवणीला २४ तास, आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस. निवडणे, उसवणे, धुणे, मांडणे यांचे आणखी दोन. एक वाकळ म्हणजे पाच दिवसांचे काम. फेऱ्या अर्ध्या इंचावर घातल्या तर आठ दिवसांचे. आणि गावाची रीत काय? पायलीभर ज्वारी आणि जाताना कपभर चहा.

हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, कारण आमच्या घरी आजीच्या हातच्या चार वाकळा आहेत आणि त्या पायलीच्याच हिशेबाने आलेल्या आहेत. त्या दिवशी आम्ही सहज म्हणालो, "आजी, तुमची स्वतःची वाकळ दाखवा, तिची शिवण पाहू." आजी उठली नाही. पुन्हा विचारले तेव्हा आतून नातीने आणून दाखवले: दोन पोती उसवून एकास एक जोडलेली, वर एक लुगडे टाचलेले. चाळीस वर्षे गावाला पांघरूण घालणाऱ्या बाईचे पांघरूण ते. "काऊन हो आजी?" तर म्हणाली, "घरातलं समदं धड फडकं लोकायच्याच वाकयीत गेलं. कोनाची अस्तराले कमी पडे, कोनाची काठाले."

आम्ही ही गोष्ट एकादशीच्या भजनानंतर मंडळीपुढे मांडली. ठरले ते असे: वाकळ शिवून घेणाऱ्याने शेतात निंदणीला जी रोजी चालू असेल ती पाच दिवसांची द्यावी, दोरा आपला द्यावा, आणि कापड कमी पडले तर ते शिवणारणीच्या घरचे घेऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या असे नव्हे. "आमच्याच चिंध्या, आणि त्याचे एवढे पैसे?" असे एक काकू स्पष्ट बोलल्या. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हाती सुई दिली असती तर बरे झाले असते, हे आम्हांस नंतर सुचले. दोन घरांनी त्या साली वाकळ सांगितलीच नाही, बाजारातून ब्लँकेट आणले. आजीचे काम थोडे कमी झाले, मिळकत मात्र वाढली. सांगितलेले मान्य करून देणारी घरे सहा.

वितळलेल्या ब्लँकेटचे काय करावे, तेही आजीला विचारले होते. "वासराच्या आंगावर टाका थंडीत. पन चुलीपासून दूर बांधा त्याले."

वाकळेची निगा थोडक्यात. दर आठ-पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे. पावसाळा सरताना, घटस्थापनेच्या आधी सगळ्या वाकळा नदीवर धुण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडू नये, मात्र साबणाचे पाणी वाहत्या नदीत सोडू नये. पिळू नये, पिळल्याने दोरा तुटतो. दगडावर पसरून पाणी निथळू द्यावे. वरचे कापड विरले की जुन्या वाकळेवरच दोन्ही अंगांनी नवी वस्त्रे घालून पुन्हा शिवावी. आमच्या गावात एक वाकळ आहे, तिच्या पोटात दुसरी आहे, आणि तिच्याही पोटात पणजीच्या लुगड्याचा काठ दिसतो.

गेल्या वैशाखात भजनातल्या बायकांनी घरोघर एकेक धड लुगडे काढले आणि सात जणींनी मिळून आजीसाठी वाकळ शिवली. पाच थर, अर्ध्या इंचाच्या फेऱ्या. नेऊन दिली तेव्हा आजी काही बोलली नाही, उलटसुलट करून पाहिली आणि घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तो तिने चष्मा लावलेला, वाकळ मांडीवर घेतलेली, आणि आमच्या घरच्या मंडळींनी घातलेल्या दोन फेऱ्या उसवून ती पुन्हा घालीत बसली होती.